चप्पल चावली त्याला क्रूस म्हणू नये

आमच्या चर्चच्या मंडळीत क्रूस फार स्वस्त झाला आहे. सून उलटून बोलली की क्रूस. नवऱ्याचा गुटखा सुटेना की क्रूस. बोअरला पाणी लागेना, पोराचं लग्न जमेना, शेजारणीची कोंबडी अंगणात घाण करते, सगळे क्रूस. प्रार्थनेच्या बैठकीत बायका उठतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "प्रभूनं मला हा क्रूस दिलाय, उचलायला बळ मिळावं म्हणून प्रार्थना करा." मी आता मागच्या भिंतीला टेकून, पाय पसरून बसते आणि मनातल्या मनात वाटणी करत असते. हा प्रभूनं दिलेला, हा नवऱ्यानं दिलेला, आणि हा बाईनं स्वतःच निवडून आणलेला. शेवटल्या प्रकारचे जास्त निघतात.

माझ्या थोरल्या जावेचा क्रूस तर खरोखरच बाजारातून आला. निपाणीच्या आठवडी बाजारातून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून.

आम्ही दोघी जावा निपाणीत एका घरात राहतो. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. जिवंत होते तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते, आता कबरस्तानात शेजारी शेजारी पडून आहेत. माझ्या मुली लग्न होऊन लांब गेल्या. तिचा मुलगा बेळगावात कारखान्यात आहे, बिऱ्हाड तिकडंच. नवरे होते तेव्हा चुली वेगळ्या होत्या. ते गेल्यावर दोघींना एक गॅस पुरतो हे लक्षात आलं. तिला मी आक्का म्हणते. नवी सून होते तेव्हा अहो-जाहो करायची. दोघीही एकट्या पडल्यावर कधीतरी एकेरीवर आले, तिनंही हरकत घेतली नाही. भांडायला एकेरी सोयीचं पडतं.

आक्काला शुगर आहे, जुनी. मऊ चप्पल घाला, अनवाणी फिरू नका, रोज तळवा बघत जा, असं डॉक्टर दर खेपेला सांगतो आणि आक्का दर खेपेला मान हलवते. आणि एक दिवस ही बाई एकटीच बाजारात गेली आणि चामड्याची, कर्रकर्र वाजणारी चप्पल घेऊन आली.

"ह्ये कशाला आणलंस?" मी विचारलं.

"वाजतीया बघ," ती म्हणाली, आणि सोप्यात इकडून तिकडं चालून दाखवलं.

"वाजतीया, पर बोट भायेर आलंय की. लहान हाय तुला."

"दुकानदार म्हणला, आदी जरा चावंल, मग पायाची हुईल."

चप्पल पायाची झाली नाही, पायच चपलेचा झाला. शुगरच्या बधिर पायाला चावलेलं कळत नाही. दर रविवारी आक्का चर्चच्या मधल्या वाटेनं कर्रकर्र करत पुढं जायची, सगळ्या माना वळायच्या, आणि तिच्या तोंडावर असा भाव असायचा की जणू ती काही करतच नाहीये, चप्पलच करतेय. मी हसायची. मी हसण्याऐवजी वाकून बघितलं असतं तर, असं आता लोक म्हणतील. पण माझे गुडघे वाकत नाहीत आणि तिचा पाय मी का बघावा, मी काय तिची सून आहे?

बघितलं ते वासानं. एका दुपारी ती झोपली होती, पंखा माझ्या बाजूला वारा मारत होता, आणि मला वास आला. मी चादर बाजूला केली. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं, वांग्यासारखं.

"आक्का, ऊठ. ह्ये काय?"

"कुटं काय? जरा घासलंय."

"घासलंय? बोट मेलंय की गं!"

तिनं पाय वर घेऊन, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा बघितला. "दुखत न्हाय," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा गाडी घेऊन आला आणि आम्ही बेळगावला गेलो. वंटमुरीच्या घाटात ती मला रानातले काजू दाखवत होती, सहलीला निघाल्यासारखी. डॉक्टर तरुण होता. पेशंट कुठल्या भाषेत कण्हतो ते बघून त्या भाषेत बोलायचा. आक्का कण्हतच नव्हती, म्हणून त्यानं मराठी आणि कन्नड दोन्ही वापरलं.

"अज्जी, हे बोट काढावं लागेल. आता आलात तर बोट. थांबलात तर किती जाईल ते मी सांगू शकत नाही. उद्याच ॲडमिट व्हा."

"ईस्टर झाल्यावर येते," आक्का म्हणाली.

"अज्जी, शुगरला ईस्टर कळत नाही."

"बरं, मग गुड फ्रायडे झाल्यावर येते. त्याच्या आदी न्हाय जमायचं."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी आक्काच्या मुलाकडं बघितलं. त्यानं जमिनीकडं बघितलं. कारण आम्हा दोघांनाही माहीत होतं. डॉक्टरला ते समजावून सांगायचं तर आमच्या चर्चचं सगळं राजकारण सांगावं लागलं असतं, आणि बाहेर रांग मोठी होती. त्यानं गोळ्या लिहून दिल्या, रोजचं ड्रेसिंग शिकवलं, आणि "तुमची मर्जी, पण मी सांगितलंय" असं दोनदा म्हणाला. एकदा मराठीत, एकदा कन्नडात.

तर ते राजकारण असं. गुड फ्रायडेला आमच्याकडं दुपारी तीन तासांची उपासना असते. वधस्तंभावरून प्रभू जे सात वेळा बोलला, ते सात शब्द मंडळीतले सात जण वाटून घेतात आणि एकेकानं उभं राहून आपल्या वाट्याच्या शब्दावर बोलायचं असतं. पूर्वी मराठीची उपासना वेगळी आणि कन्नडाची वेगळी होती, दोन्हीकडं सात सात. मग पोरं पुण्याला गेली, बेंगळूरला गेली, बाकं ओस पडली, आणि दोन्ही उपासना एक केल्या. आता सात शब्दांची वाटणी दोन भाषांत. सात काही सारखे वाटता येत नाहीत. म्हणून एका वर्षी चार मराठीला तीन कन्नडाला, दुसऱ्या वर्षी उलट. एवढं साधं ठरलेलं असताना दर वर्षी मीटिंगमध्ये वाद होतोच. गेल्या वर्षी चार कुणाचे होते, हे दोन्हीकडच्यांना वेगळं आठवतं. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला वाद घातल्याशिवाय जेवण पचत नाही, मग तो ख्रिस्ती असो नाही तर कुणी.

यंदा चार आपले ठरले. पण पाचवा शब्द, तहानेचा, म्हणजे "मला तहान लागली आहे", जो दर वेळी एक मास्तरीणबाई घ्यायच्या, त्या मुलाकडं पुण्याला गेल्या. मराठीत बोलणारं माणूस मिळेना. मला विचारलं, मी म्हटलं, मी त्या शब्दाला एकदा हात लावलाय, पुन्हा नाही. मग कुणीतरी आक्काचं नाव घेतलं. आक्का मीटिंगमध्ये नव्हतीच, बाहेर व्हरांड्यात चहाचे कप विसळत होती. तिला आत बोलावून सांगितलं. तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "बरं."

त्या शब्दाला मी हात लावला होता, ते सांगते. सांगायला लाज वाटत नाही, कारण सगळ्या मंडळीला ते पाठ आहे.

लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकलेली, मॅट्रिक झालेली, मी म्हणजे माझ्या मते या भागातली सगळ्यात आध्यात्मिक सून. बोलताना मान जरा तिरकी करायची, ते मला शोभतं असं वाटायचं. तहानेचा शब्द माझ्या वाट्याला आला तेव्हा मी ठरवलं की प्रभूची तहान स्वतः भोगल्याशिवाय तिच्यावर बोलायचं नाही. गुरुवारी संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही. एप्रिल महिना, पत्र्याचं घर. आणि अंगावर पिणारी थोरली मुलगी. तिचा विचार त्या महान डोक्यात आलाच नाही. शुक्रवारी दुपारी मी व्यासपीठावर उभी राहिले. तहान हा शब्द मला फार गावठी वाटला होता, म्हणून मी "पिपासा" म्हणत होते. "बंधुभगिनींनो, ही पिपासा केवळ शरीराची नव्हे," एवढं म्हणाले आणि माईकच्या दांड्यासकट खाली गेले.

अर्ध्या मंडळीला वाटलं, बाईवर आत्मा उतरला. एक म्हातारी तर "हालेलुया" म्हणून टाळ्या वाजवायला लागली. आक्का बाहेर माठ भरत होती. ती तांब्या घेऊन आत आली, अर्धा माझ्या तोंडावर मारला, अर्धा तोंडात ओतला, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "पोरीला दूध कोण पाजणार आता? तुजी पिपासा?"

दूध आटलंच होतं. पोर दोन दिवस किंचाळत होती. आक्का शेळीचं दूध शोधत गल्ल्या हिंडली, बोळ्यानं पाजलं. मी खाटेवर पडून लोकांना सांगत होते की प्रभूसाठी थोडं सोसावं लागतं. सोसत होतं दुसरंच कुणी. तेव्हापासून आक्का मला चिडवायचं असेल तर "पिपासा" म्हणते. मरेपर्यंत म्हणणार.

त्यामुळं यंदा तिला शहाणपण शिकवायला गेले तेव्हा माझी बाजू पहिल्यापासूनच लंगडी होती.

"आक्का, ऐक माजं. एका शब्दापायी पाय घालवू नगं."

"कोण बोलतंय? पिपासा?"

"मी येडी हुते म्हणून सांगतेय. तू तर शहाणी हुतीस."

"मग आता पाळी बदलूया. तू हो शहाणी."

मी मंडळीच्या एका वडिलांना गाठलं. वडील म्हणजे कमिटीतले, वयानं माझ्यापेक्षा लहानच. म्हटलं, आक्काला तुम्हीच सांगा, यंदा राहू दे म्हणावं.

"काकू, अडचण अशी हाय," ते म्हणाले, "आक्कांनी सोडला तर शब्द तिकडं जाईल. मग चार त्यांचे, तीन आपले. पुढल्या वर्षी परत चार त्यांचेच. एकदा गेलेलं परत येत न्हाय."

"आणि बोट?"

"आँ?"

"बोट परत येतंय व्हय?"

"प्रार्थना चालू हाय की आमची," ते म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारली.

मग पाळकसाहेबांकडं गेले. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आमचे नवे, तरुण, बैलहोंगल भागातले. घरात कन्नड बोलतात, पण मराठी मन लावून शिकले आहेत. ऐकून घेतलं, कळवळले, आणि संध्याकाळी घरी आले. आक्का पाय पाटावर ठेवून बसली होती. पाळकांनी हात जोडून, आमच्या मंडळीत करतात तसा, "सलाम" केला, खाली बसले, तब्येत विचारली. आक्कानं उसासा टाकला. चार माणसं समोर असली की तिला उसासा चांगला जमतो.

"काय करायचं पाळकसाहेब. प्रभूनं ह्यो क्रूस दिलाय."

"आमेन," पाळक म्हणाले. सवयीनंच.

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी आपटला नाही, हे माझं म्हातारपण. "आमेन काय, पाळकसाहेब? चप्पल चावलीया तिला. लहान मापाची, वाजणारी. चप्पल चावली त्याला क्रूस म्हणू नये. प्रभूच्या खांद्यावर जे होतं ते त्यानं दुसऱ्यांसाठी उचललं होतं. ही काय सगळ्या निपाणीच्या पापासाठी कर्रकर्र करत चालत होती?"

पाळकांनी चहाचा मोठा घोट घेतला. गरम होता, डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. मग खरंच विचार करून म्हणाले, "आक्का, तुम्ही उद्या दवाखान्यात जा. तुमचा शब्द मी बोलतो. तुमच्या नावानं. मराठीतच बोलतो, कमिटीचं मी बघून घेतो."

मला वाटलं, सुटलं. एवढं देखणं उत्तर मला सुचलं नव्हतं. आक्कानं बोटाची पांढरी पट्टी नीट केली.

"माज्या नावानं लई जणांनी लई काय काय केलंय, पाळकसाहेब," ती म्हणाली. "एकदा मी करते."

पाळकांनी कप खाली ठेवला. प्रार्थना करून गेले, आणि बऱ्यापैकी लहान प्रार्थना केली, हे त्यांच्या शहाणपणाचं मी मानते.

मी तिची पट्टी बदलत राहिले. रोज सकाळी गरम पाणी, औषध, कापूस. माझे गुडघे वाकेनात, तिचा पाय स्टुलावर, मी खाटेच्या कडेवर वाकडी बसून. पट्टी बांधताना तिच्या तळव्याला हात लागायचा आणि तिला कळायचं नाही. कधी कधी मी मुद्दाम चिमटा काढायची, रागानं. तेही कळायचं नाही. मला फार थकायला व्हायचं. पाणी तापवण्यानं थकत नव्हते, तिच्या बाजूनंही विचार करायला लागत होता, त्यानं थकत होते. तरुण असताना माणूस एका बाजूनं विचार करतो, ते किती सोपं असतं. या बाईनं त्या चर्चमध्ये झाडू मारला, माठ भरले, वेदीवरची कापडं धुतली, लग्नात पुऱ्या लाटल्या. बोट खाली फिरवत फिरवत वाचते, पण वाचते. आणि कुणी तिला कधी "तुला काय वाटतं" असं विचारलं नाही. मीही नाही. मी त्या व्यासपीठावर कितीदा उभी राहिले असेन, पडले तरी पुन्हा बोलावणं आलं, कारण मी मॅट्रिक. आणि आता तिला बोलावलं तेही माणूस मिळेना म्हणून, आकडा भरायला. हे तिला कळत नव्हतं असं नाही.

पण पाय तो पाय. मी आणखी एक डाव टाकला. तिच्या मुलाला फोन केला.

"बाळा, आईला सांग तुझ्या छातीत दुखतंय. लगेच ये म्हण. इथून मी तिला गाडीत घालते. बेळगावात आली की डॉक्टरच्या ताब्यात."

"काकी, खोटं बोलू?"

"बोल. पाप मी घेते."

त्यानं फोन केला. कण्हलाही, बिचारा. मी शेजारी उभी राहून ऐकत होते.

"छातीत दुखतंय?" आक्का फोनमध्ये म्हणाली. "मग दवाखान्यात जा की, माज्याकडं कशाला फोन करतुयास? मी काय डॉक्टर हाय?" आणि फोन माझ्या हातात देत म्हणाली, "त्याला सांग, कण्हाय येत न्हाय त्याला. बापागत कण्हतोय."

मग मी हात टेकले. उरली होती एकच धास्ती, की ही बाई माझ्यासारखं पाणी सोडून जाईल. साखर खाली जायची, नाही तर वर, आणि व्यासपीठावरून सरळ वर. शुक्रवारी सकाळी मी नाचणीची आंबील केली, मीठ-ताक घालून, आणि ग्लास घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. भाषण तयार होतं माझं.

"ठेव तिकडं," ती म्हणाली. "मी मगाशीच पातेल्यातनं पिऊन घेतली. सुई बी घेतली. तुज्यागत पडायला मी काय मॅट्रिक हाय?"

चर्चमध्ये उकाडा होता. पंखे फिरत होते, पण वारा वरच्या वर राहत होता. डावीकडं पुरुष, उजवीकडं बायका, मराठी आणि कन्नड मिसळून; बसताना कुणी भाषा बघत नाही, वाद फक्त आकड्याचा. पहिला शब्द मराठी, दुसरा कन्नड, असं चाललं होतं. चौथ्यावर बोलणारे गृहस्थ घड्याळ विसरले. मी आक्काच्या पट्टीकडं बघत होते. पट्टीतून काहीतरी पिवळसर पाझरायला लागलं होतं.

मग तिचं नाव घेतलं. ती कापडी सपाता घालून, माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढं गेली. मी तिला व्यासपीठापाशी सोडलं आणि पहिल्या बाकावर बसले, पडली तर धरायला. हातात कागद नव्हता. माईक तिच्या कपाळाच्या उंचीला होता. पाळकांनी येऊन तो खाली केला.

"मला मोठं बोलाय येत न्हाय," आक्का म्हणाली. "मी वखारीत काम केलं. तंबाखू झोडताना धुरळा नरड्यात बसायचा. भूक कळायची न्हाय, तहान कळायची. पर पाणी मागितलं की मुकादम म्हणायचा, आत्ताच पिलीस की. म्हणून आमी मागायचं सोडलं. मग मागायचीच लाज वाटाय लागली. घरला येऊन बी कुणाला कायबी मागितलं न्हाय."

तिनं माईकचा दांडा धरून पाय सावरला.

"प्रभू पाण्यावरनं चालत गेलता. त्याला एक घोट पाणी आणता आलं नसतं व्हय? पर त्यानं मागितलं. आणि कुणाला, तर ज्यांनी खिळं मारलं त्यांनाच. लाजला न्हाय. मी लई इचार केला ह्याचा, झाडताना, भांडी घासताना. मला एवढंच कळलंय, की सोसणं मोठं न्हाय. सोसतंय म्हणून जनावराला बी चांगलं म्हणत्यात. जवा लागतंय तवा तोंड उघडून मागणं, ते मोठ्या माणसाला बी अवघड जातंय. त्यानं ते केलं."

कन्नडच्या बाकावरून एक म्हातारी मोठ्यानं "हौदव्वा, हौदु" म्हणाली, म्हणजे खरं गं बाई, खरं.

"माजा पाय दुखत न्हाय," आक्का म्हणाली. "डॉक्टर म्हणतोय, तेच वाईट हाय. दुखला असता तर मी मागितलं असतं. आता न दुखता मागते. माज्यासाठी प्रार्थना करा, आणि कुणीतरी मला धरा. झालं माजं."

तिला धरायला मी उठेपर्यंत तिचा मुलगा मागच्या दारातून येऊन पोचला होता. मला ठाऊकच नव्हतं तो आलाय. बाहेर आल्यावर कळलं की आदल्या दिवशी तिनंच त्याला फोन करून बोलावलं होतं. गाडी चिंचेच्या सावलीत लावून ठेवली होती, मागच्या सीटवर तिची पिशवी होती, त्यात दोन लुगडी, चष्मा आणि इन्सुलिनची बाटली बर्फात. सहावा आणि सातवा शब्द आम्ही ऐकले नाहीत.

"मला सांगायचं हुतंस की," मी गाडीत म्हटलं.

"तू मला विचारलंस कुटं? तू नुसती सांगत हुतीस."

घाटात तिनं काजू दाखवले नाहीत. तिला ताप चढला होता.

बोटावर भागलं नाही. विष वर सरकलं होतं. पायाचा पुढला निम्मा भाग गेला; टाच राहिली. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं, पहिल्यांदा आणलं तेव्हाच ॲडमिट केलं असतं तर एक बोट गेलं असतं, बाकी पाय राहिला असता. तो रागावला नव्हता, आणि त्यामुळं मला जास्त वाईट वाटलं. मी बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर हात धुण्याची चित्रं होती, ती पाहत राहिले. मला प्रार्थना सुचेना. प्रभू, तू हे का केलंस, असं म्हणायला तोंड नव्हतं, कारण त्यानं काही केलंच नव्हतं. त्यानं अक्कल दिली होती, डॉक्टर दिला होता, गाडीवाला मुलगा दिला होता. मी एवढंच म्हटलं की बाबा, मी दमले, आणि त्यातही तक्रार किती आणि प्रार्थना किती हे मला सांगता येणार नाही.

दोन दिवसांनी आक्का नीट शुद्धीवर आली तेव्हा पहिलं तेच विचारलं.

"डॉक्टर काय म्हणला?"

खोटं बोलायचं माझ्या मनात होतं. पण त्यात मी आधीच हरले होते. "म्हणला, आदी आली असतीस तर बोटावर भागलं असतं."

"व्हय. मला म्हाईत हुतं."

"म्हाईत हुतं आणि तरी?"

"तरी."

"निम्मा पाय, आक्का. चार वाक्यांसाठी."

"चार न्हाय, जास्त हुती." ती थोडं हसली, मग डोळे मिटले. "तू प्रभूवर घालू नगंस. चप्पल मी घेतली, थांबले बी मीच. त्यानं मला अडवलं न्हाय आणि ढकललं बी न्हाय. सोबत हुता एवढंच."

मला हे पटलं नाही, अजूनही पटत नाही. प्रभूनं माणसाला चतुर व्हायलाही सांगितलंय, नुसतं शूर व्हायला नाही. पाळक तिला भेटायला आले तेव्हा म्हणाले की असं बोलणं त्यांनी कुठल्या कॉलेजात ऐकलं नाही. मी त्यांना म्हटलं, खरं आहे, पण कॉलेजात पाय शाबूत राहतात. तिनं जे निवडलं ते डोळे उघडे ठेवून निवडलं, एवढं मी मान्य करते. माझ्या तरुणपणीच्या उपासाइतकं ते आंधळं नव्हतं. पण उघड्या डोळ्यांनी केलेल्या गोष्टीचा भार हलका असतो, असं कुणी समजू नये. तो तेवढाच असतो. फक्त कुणाला दोष द्यायची सोय राहत नाही. आणि तो एकटीनं उचलता येत नाही; निवडताना तिनं मला विचारलं नव्हतं.

आता ती घरी आहे. वॉकर घेऊन न्हाणीपर्यंत जाते. जखम भरत आली. आणि त्या दिवसापासून तिनं मागायचं जे सुरू केलं ते थांबवलेलंच नाही. एवढी वर्षं तोंड न उघडलेली बाई, आता सकाळपासून, धाकटे, पाणी दे, उशी सरक, पंखा कमी कर, तेवढी खिडकी लाव, तिकडून नको, इकडून धर. मंडळीतल्या बायका येतात, तिच्या शब्दाचं कौतुक करतात, काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. मी आत त्यांच्यासाठी चहा टाकत असते.

"धर गं मला," बाहेरून हाक येते.

"आले," म्हणते मी. गॅस बंद करते, ओट्याला हात टेकून आधी एक गुडघा सरळ करते, मग दुसरा.

"किती वेळ?"

"आले म्हटलं की!"